पाच डोस आणि पोटातला प्रवासी

३ फेब्रुवारी

मास्तरणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कॅन्सर आहे. छातीत, डाव्या बाजूला. पोटात सतरा आठवड्यांचं बाळ, छातीत चार सेंटीमीटरची गाठ — दोन्ही एकाच बाईत, एकाच वेळी!

सर्जनने मान वर न करता सांगितलं, "आधी पोट मोकळं करा, मग पुढचं बघू." जसं काही दारासमोर लावलेली गाडी काढायला सांगतोय. मी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा उलटला. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. काचेतून बघतो तर बायको माझी खाली वाकून पेनं गोळा करतेय आणि सर्जनला सॉरी म्हणतेय.

रस्त्यात म्हणाली, "कॅन्सर मला, रक्तदाब तुला. वाटणी बरी झाली."

हसलो. मग बसस्टॉपमागे जाऊन रडलो. तेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय!

४ फेब्रुवारी

झोप नाही. कामावर स्क्रू उलटा फिरवला, मिस्त्रींच्या शिव्या खाल्ल्या. मिस्त्री म्हणजे माझे गुरू — लिफ्टच्या दुरुस्तीत तीस वर्षं. हाताखाली मी एकटा.

आज सारखं जुनं आठवतंय. दीड वर्षापूर्वी ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या लाल गाडीत बसलो आणि शेजारच्या सीटवरून आवाज आला, "क्लच आहे तो, झुरळ नाही. हळू सोड." वळून बघितलं आणि गाडी बंद पडली. मीही. चारदा टेस्ट दिली, चारदा मुद्दाम नापास झालो, कारण पास झालो असतो तर क्लास संपला असता. कॉलेज सुटलं तेही तिच्यामुळेच — तिची सकाळची बॅच आणि माझं दुसऱ्या वर्षाचं यंत्रशास्त्र एकाच वेळेला होतं. यंत्रशास्त्र हरलं. आई म्हणाली होती, "मुलगी शहाणी दिसते. तुला हो कशी म्हणाली तेवढं कळत नाही." लग्नाला आता सहा महिने झाले. अजून ती जिना चढायला लागली की मी आधीच दार उघडून उभा असतो.

खरं लिहू? तो सर्जन मला आवडला नाही, पण त्याचं म्हणणं मला पटलं. मला बाळ नको. मला ती हवी. एवढं साधं आहे. पण तिच्यासमोर हे तोंडातून काढायची माझी छाती नाही.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. मोठ्या चष्म्याच्या डॉक्टरबाई. हसतात बऱ्याच. कागदावर आडवी रेघ ओढली, तिच्यावर आठवड्यांच्या खुणा केल्या. पहिले तीन महिने औषध देता येत नाही — ते तर उलटून गेलेत. आता केमो देता येते, पोटातली वार बऱ्याच औषधांना बाळापर्यंत जाऊ देत नाही. दर तीन आठवड्यांनी एक डोस, असे पाच. मग थांबायचं. बाळंतपण. मग उरलेला सहावा डोस, ऑपरेशन, रेडिएशन. बाळंतपणाचे डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसतात, दोघं मिळून बघणार.

मास्तरीण रेघेकडे बघत म्हणाली, "म्हणजे रस्ता आहे. खड्डे आहेत, पण रस्ता आहे."

ती वजन करायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "आणि मला बाळ नकोच असेल तर?"

चष्मा काढून बघितलं त्यांनी माझ्याकडे. "तुम्हाला घाबरायला झालंय, बरोबर? हे बघा, बाळ काढून टाकलं म्हणून त्यांचा आजार लवकर बरा होणार असता, तर मी आधी तेच सांगितलं असतं. तसं नाहीये. शिवाय पोट त्यांचं आहे. त्यांना विचारून झालंय माझं."

कधी विचारलं? मी पार्किंगची पावती शोधत होतो तेव्हा! मला सोडून दोघींनी ठरवूनही टाकलं!

घरी येईपर्यंत मी ती पावती चुरगाळत राहिलो. ती गुणगुणत होती.

८ फेब्रुवारी

भांडलो. ती म्हणाली, "स्टिअरिंग माझ्या हातात आहे. तू शेजारी बस आणि ओरडू नकोस."

९ फेब्रुवारी

समेट. मीच केला. दर वेळी मीच करतो.

२४ फेब्रुवारी — पहिला डोस

मिस्त्रींचा एक नियम आहे. लिफ्ट दुरुस्त केली की पहिली फेरी मिस्त्रीची. वर, खाली, परत वर. मग वाळूच्या गोण्या घालून एक फेरी. मगच लोक. "आपण बसलो नाही त्यात दुसऱ्याला बसवायचं नाही." हे माझ्या डोक्यात इतकं बसलंय की केमोच्या खोलीत शिरलो आणि तिच्याआधी मीच त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसलो. पाठ मागे करून बघितली, पाय लांब करून बघितले.

सिस्टर सुई घेऊन आली. "पेशंट कोण? उठा!"

"बघत होतो. बरी आहे. उजवा हात जरा डुगडुगतोय." खिशात पाना होताच. आवळून दिला.

बाकी खुर्च्यांवरचे सगळे पेशंट हसत होते. एक आजोबा म्हणाले, "माझीपण बघ रे, करकरते." तिचं सलाइन संपेपर्यंत मी चार खुर्च्या नीट केल्या. लाल रंगाचं औषध नळीतून उतरत होतं तिकडे बघायची वेळच आली नाही. बहुतेक म्हणूनच करत होतो.

२५ फेब्रुवारी

उलट्या. आईने भात मऊ करून दिला, राहिला नाही. टोस्ट दिला, राहिला. आई जग जिंकल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटली — सगळे म्हणजे मी आणि खालची शिंपीण.

२८ फेब्रुवारी

हे कुणाला सांगायचं नाही. परवा तिची उलटीवरची गोळी मी खाल्ली. सकाळी एक, दुपारी एक. पहिली फेरी आपली! तिला काय होतंय ते आपल्याला कळायला नको?

काय होतंय ते कळलं. दोन दिवस झाले, पोट हलायला तयार नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते तसं.

१ मार्च

पकडलं गेलो. गोळ्या दोन कमी निघाल्या. मास्तरणीने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे नीट. "तू?" मी मान हलवली. "कितवा दिवस?" "तिसरा." ती पलंगावर आडवी पडून इतकी हसली की आई धावत आली, दुखतंय की काय म्हणून. मग रागावली. खरंखुरं. "माझी औषधं मोजून दिलीत. एक कमी पडली असती तर? तुला मजा वाटते का रे ही?"

मजा नाही गं. मला फक्त पुढे जाऊन बघायचं होतं. पण हे तोंडाने सांगता आलं नाही. इथेच लिहितो.

दोन गोळ्या नव्या आणून दिल्या. आणि माझ्यासाठी एरंडेल.

११ मार्च

केस जायला लागले. उशीवर, साबणावर, माझ्या शर्टावर. संध्याकाळी तिने ड्रायव्हिंग स्कूलमधून येताना वाटेतच न्हाव्याकडे जाऊन सगळे काढून टाकले. दार उघडलं — डोकं चकचकीत, कपाळ कुठे संपतं कळत नाही, खाली पोट. मी बघत राहिलो.

"बोल काहीतरी."

"कान छान आहेत तुझे. दीड वर्षं लपवून ठेवलेस!"

खरंच आहेत. मला आज पुन्हा एकदा, पार नव्याने... जाऊ दे. आई शेजारच्या खोलीत आहे आणि मी लाजतोय.

१२ मार्च

आईने रात्रभर बसून लोकरीची टोपी विणली. माप चुकलं. सुनेच्या डोक्यावरून नाकापर्यंत येते. आता ती चहाच्या किटलीवर घालतो. चहा तासभर गरम राहतो. आई म्हणते, "बघ, काहीच वाया जात नाही माझं."

१७ मार्च — दुसरा डोस

ठीक. खुर्च्या सगळ्या घट्ट आहेत.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर प्रवासी दिसला. मी त्याला हेच म्हणतो — मधल्या मजल्यावर घुसलेला, बटण न दाबता. वाढ बरोबर आहे म्हणे. मास्तरणीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. मी काढून घेतला, फोन वाजल्याचं नाटक करून. तिला कळलं.

हा नसता तर तिच्या सगळ्या तपासण्या एका दिवसात झाल्या असत्या, सगळी औषधं बिनघोर देता आली असती. प्रत्येक वेळी "पोटात बाळ आहे ना, मग हे नको, ते थांबूया." मी काय दगड आहे का, राग यायला नको?

२९ मार्च

तिला गाडी चालवायला आता बंदी. पोट स्टिअरिंगला लागतं. आणि मला लायसन्स नाही! चारदा नापास झालेला हिरो! ड्रायव्हिंग मास्तरणीचा नवरा बायकोला हॉस्पिटलात बसने नेतो, हे तिच्या स्कूलमध्ये सगळ्यांना कळलंय. रोज सकाळी ती शेजारी बसून शिकवते. टकलाला रुमाल, मांडीवर उलटीची पिशवी, आणि तोंड चालू. "आरसा बघ. माझ्याकडे नको, आरसा!"

गंमत अशी की आता खरंच पास व्हायचंय तर गाडी दर चौकात बंद पडते.

४ एप्रिल

पास!!! पाचव्या टेस्टला!

टेस्ट घेणारा साहेब म्हणाला, "चार वेळा तुम्हाला काय झालं होतं?" मी म्हटलं, "प्रेम." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

७ एप्रिल — तिसरा डोस

मी गाडी चालवत नेलं. वाटेत तिने फक्त दोनदा ब्रेक म्हटलं.

चष्मेवाल्या डॉक्टरबाईंनी पडद्याआड तपासलं. बराच वेळ काही आवाज नाही. मी पडद्याच्या कड्या मोजल्या. मग आतून — "अडीच!" चारची अडीच सेंटीमीटर झाली गाठ! गाठ पळतेय! मी सिस्टरला उचलायला निघालो होतो, ती ट्रे घेऊन बाजूला सरकली. मग त्या करकरत्या खुर्चीवाल्या आजोबांना मिठी मारली. त्यांना कशाबद्दल ते माहीत नव्हतं, तरी त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "छान, छान. झालं काय?"

मिस्त्रींना फोन केला. ते नेहमीसारखे, "हं. हं." आणि मग म्हणाले, "उद्या उशिरा आलास तरी चालेल." तीस वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटलं असेल असं वाटत नाही.

घरी आईने साखर काढली. मी चमचाभर खाल्ली, आईने दोन, मास्तरणीने वास घेऊन बाजूला ठेवली. तोंडाला अजून धातूची चव येते म्हणते. "पाना चाटल्यासारखं लागतं." "तुला काय माहीत पाना कसा लागतो?" "तुझ्याशी लग्न केलंय. सगळंच चाखलंय."

२८ एप्रिल — चौथा डोस

थकलीये. जिन्यात दोनदा बसली. मी उचलून घेतो म्हटलं तर म्हणाली, "आम्ही दोघं आहोत. कमरेतून जाशील." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या इमारतीला!

९ मे

दुपारी ताप. एकशे एकच्या वर. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, ताप आला की घरी बसायचं नाही, तासाच्या आत या. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, साधा जंतू पण डोईजड होतो. मी गाडी काढली. हात घट्ट, डोकं थंड — माझं! थंड! सिग्नलला मागचा हॉर्न मारत होता, मी खाली उतरलो नाही. एरवी उतरून कॉलर धरली असती.

भरती करून घेतलं. सलाइनमधून अँटिबायोटिक. तिच्या पोटाला पट्टा बांधला आणि यंत्रातून आवाज यायला लागला — धडधडधडधड, घाईघाईने, कुणीतरी जिना उतरत पळतंय तसा. ती डोळे मिटून पडलेली. खोलीत मी आणि तो आवाज. मी वाकून पोटाजवळ तोंड नेलं आणि हळू आवाजात दम दिला. "ऐक. हिला काही झालं ना, तर तुझी माझी गाठ आहे." धडधडधडधड. घाबरला नाही. माझ्यासारखाच आहे, निर्लज्ज.

११ मे

ताप उतरला. पेशी वर येताहेत. सकाळी तिने अंडं मागितलं. दोन खाल्ली. तिसरं माझ्या ताटातलं उचललं.

मला लाज वाटतेय. परवाच्या त्या दमाची. अजून जन्मलेलाही नाही आणि बापाने पहिलं वाक्य काय म्हणावं!

पण राग गेलाय असं नाही. ताप आला तेव्हा नको नको ते मनात आलं. दोघांपैकी एक निवड म्हणाले असते तर मी क्षणभर थांबलो नसतो. तिला हे कळलं तर ती मला माफ करेल?

२२ मे — पाचवा डोस

तापामुळे तीन दिवस पुढे गेला. पण झाला! सलाइन संपलं तेव्हा सिस्टरने टाळी वाजवली, मग सगळ्या खुर्च्यांनी. मास्तरीण उभी राहून, पोटावर हात ठेवून, रुमाल काढून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती. टक्कल चमकत होतं. आजोबा म्हणाले, "आमच्यात हिचंच डोकं सुंदर." मी म्हटलं, "आजोबा, नजर ठेवू नका." सगळा वॉर्ड हसला.

गाठ आता हाताला नीट लागत पण नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून ऑपरेशन आहे, रेडिएशन आहे. पण मी खूश आहे." मी विचारलं, किती खूश? "तुम्हाला ओरडायला परवानगी देते. बाहेर जाऊन." गेलो. पार्किंगमध्ये ओरडलो. वॉचमन धावत आला.

१४ जून

पंचवीस तारीख ठरली. कळा औषधाने आणणार. पेशी पूर्ण वर येऊ द्यायच्या, मगच बाळंतपण, म्हणून इतकं थांबले.

आईने लंगोट, दुपटी सगळं धुऊन दोरीवर टाकलंय. इतकं छोटं! मिस्त्रींनी टूलबॉक्सच्या जुन्या लाकडाचा पाळणा केला. कडा इतक्या घासल्यात की हात घसरतो. देताना म्हणाले, "दोर नवा आहे. चौघं मावतील एवढं वजन घालून बघितलंय."

२५ जून

मुलगी.

दुपारी दोन वीस. अडीच किलोला थोडी कमी. मास्तरणीच्या डोक्यावर एक केस नाही आणि लेकीच्या डोक्यावर असं जंगल की सिस्टर म्हणाली, कंगवा आणा! डोळे मिटलेले, भुवया चढवलेल्या — कुणीतरी क्लच चुकीचा सोडलाय असा चेहरा. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी बोटं मोजली, छाती ऐकली, उलटसुलट केलं. "एकदम ठणठणीत."

मास्तरीण घामाने भिजलेली, हसत होती, दात वाजत होते. म्हणाली, "घे."

मी घेतली नाही. हात मळलेत म्हणालो. मळलेले नव्हते, तीनदा धुतले होते. आईने घेतली.

कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. आनंद इतका की छाती फुटेल, आणि त्याच्या आत एक खडा. पाच महिने हिला नको म्हटलं. मनात रोज. आता कोणत्या तोंडाने घेऊ?

२७ जून

घरी आलो. दोघींना मिठीत घेऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून मागे बसवल्या. ताशी वीसने आलो. मागून ट्रक, बस, सायकलीसुद्धा पुढे गेल्या. मास्तरीण म्हणाली, "आज पुन्हा नापास केलं असतं तुला."

औषधं चालू राहणार म्हणून अंगावर पाजायचं नाही. बाटलीच. तिला त्याचं वाईट वाटतंय. रात्री आई पाजते, दिवसा ती. मी बाटल्या उकळतो. उकळायला काही हरकत नाही.

९ जुलै

उद्या सहावा डोस. ती बाटलीने पाजत होती, मी बाटलीचं झाकण शोधत होतो. सहज विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी लागली गं हाताला?"

"लग्नाच्या आधीच. वाटाण्याएवढी होती. दुखत नव्हती, सोडून दिली."

"मग दाखवलीस कशी?"

"ही पोटात राहिली म्हणून. पाजायला अडचण होईल का, एवढंच विचारायला गेले होते. नाहीतर मी कसली जातेय डॉक्टरकडे!"

मी खाली बसलो, फरशीवरच. मग म्हटलं, दे, इकडे दे तिला. उरलेलं दूध मी पाजलं.